तिकीट मोफत, पण उतरायचे कुठे?

‘बाबा, कुठं जायचं?’ वाहक विचारतो. खिडकीशी बसलेले आजोबा खिशातून आधार कार्ड काढून देतात. वय पंचाहत्तरच्या पुढचे, म्हणजे तिकिटाचा प्रश्न मिटला. पण वाहकाला गावाचे नाव हवे असते आणि तेच ओठांवर येत नाही. आजोबा कार्डाकडे बघतात, पिशवीत हात घालतात, पुन्हा वाहकाकडे बघतात. मागून कोणी तरी म्हणते, ‘घेतली असेल थोडी.’ बस थांबते, आजोबांना पुढच्या थांब्यावर उतरवले जाते. ते ज्या गावाला निघाले होते तिथे लेक वाट बघत असते; जिथे उतरवले तिथे त्यांना ओळखणारे कोणीच नसते.

हा काही एका गाडीतला किंवा एका माणसाचा प्रसंग नाही. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया झालेली व्यक्ती घराबाहेर पडली की असे काही तरी घडण्याची भीती घरच्यांना कायम असते. त्यातून बहुतेक घरांत एकच उत्तर निघते, ते म्हणजे बाहेर पाठवायचेच नाही. दाराला कडी लागते आणि चालत्याबोलत्या माणसाचे जग दोन खोल्यांचे होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता अधिक ठळक होण्याचे कारण आनंदाचे आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयोगटाला अर्ध्या तिकिटाची सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट आहे. लेकीचे गाव, देवदर्शन, जिल्ह्याच्या ठिकाणचा डोळ्यांचा दवाखाना अशा कारणांनी वृद्ध माणसे पुन्हा प्रवास करू लागली. पैशाचा अडथळा सरकारने दूर केला. मात्र चढल्यावर कुठे उतरायचे हे न आठवणाऱ्या प्रवाशाचा विचार या सवलतीत नाही, गाड्यांच्या पाट्यांत नाही आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातही तो क्वचितच दिसतो.

प्रश्न किती मोठा?

भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीय स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. साठीपुढच्या दर तेरा-चौदा माणसांमागे एक, असे हे प्रमाण पडते. याच अभ्यासात पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात प्रमाण जास्त आढळले. खेड्यात ते ८.४ टक्के, तर शहरात ५.३ टक्के होते. म्हणजे ज्या भागात दवाखाना, बँक आणि बाजार गाठायला एसटीशिवाय दुसरे साधन नाही, तिथेच हा आजार अधिक आहे.

या सगळ्यांची अवस्था सारखी नसते. निदान झाले म्हणजे दुसऱ्या दिवसापासून माणूस घराचा रस्ता विसरतो, असे होत नाही. सुरुवातीच्या काळात अनेक जण ओळखीच्या मार्गाने एकटे ये-जा करू शकतात. मधल्या टप्प्यात सोबत असेल तर प्रवास जमतो. हे टप्पे काही वर्षांचे असू शकतात. ती वर्षे माणूस कशी जगतो, हे बऱ्याच अंशी त्याला बाहेर पडता येते की नाही यावर ठरते.

बाहेर पडणे हा आरोग्याचाही मुद्दा आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ धोक्यांची यादी दिली. उच्च रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष यांच्याबरोबरच शारीरिक हालचालीचा अभाव आणि सामाजिक एकटेपणा यांचाही तिच्यात समावेश आहे. आजार झाल्यानंतरही भेटीगाठी, चालणे, ओळखीच्या जागा यांनी मनाला उभारी मिळते. कोंडून ठेवण्याने अस्वस्थता, चिडचिड आणि रात्रीची जाग वाढल्याचा अनुभव घरोघरी येतो.

मेंदूतला नकाशा

रस्ता सापडणे हे साधे वाटणारे काम मेंदूसाठी गुंतागुंतीचे आहे. मेंदूच्या आतल्या भागातील हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एन्टोरायनल कॉर्टेक्स हे दोन भाग मिळून आपण कुठे आहोत याचा एक आतला नकाशा तयार ठेवतात. या नकाशाच्या पेशी शोधल्याबद्दल जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर. तो ज्या भागांना सर्वांत आधी ग्रासतो, त्यांत नेमके हेच दोन भाग येतात. म्हणूनच नावे विसरण्याबरोबर वाट चुकणे हेही या आजाराचे सुरुवातीचे लक्षण असू शकते.

मात्र वर्षानुवर्षे सवयीने केलेल्या गोष्टी मेंदूच्या दुसऱ्या भागांत साठवलेल्या असतात आणि त्या तुलनेने उशिरा पुसल्या जातात. तीस वर्षे एकाच थांब्यावरून एकाच क्रमांकाची बस पकडलेला माणूस, त्या बसचा क्रमांक सांगता आला नाही तरी ती बरोबर पकडू शकतो. त्याची अडचण सुरू होते ती काही तरी बदलले की. थांबा पलीकडे सरकला, गाडी रद्द झाली, वळसा घालून गेली, फलाट बदलला की सवय कामाला येत नाही. तिथे नवा विचार करावा लागतो आणि तोही घाईत, गर्दीत, गोंगाटात. स्मृतिभ्रंशात सर्वांत अवघड जाते ते हेच.

दृष्टीचेही असेच. डोळे चांगले असले तरी मेंदूला खोली आणि अंतर यांचा अर्थ लावणे कठीण होते. जमिनीवरचा काळा पट्टा खड्ड्यासारखा भासू शकतो, चकचकीत फरशी ओली वाटू शकते, सरकता जिना पाऊल टाकू देत नाही. बघणाऱ्याला हा हट्ट वाटतो. त्या व्यक्तीच्या दृष्टीने समोर खरोखरच खड्डा असतो.

बदलत्या पाट्या, जुनी स्मृती

महाराष्ट्रातली वाहतूक गेल्या काही वर्षांत वेगाने बदलली आहे. पुण्यातले शिवाजीनगर एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवले गेले. मुंबईतले एल्फिन्स्टन रोड २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. व्हीटीचे सीएसटी आणि नंतर सीएसएमटी झाले. औरंगाबादच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर आले, उस्मानाबादच्या जागी धाराशिव आणि अहमदनगरच्या जागी अहिल्यानगर आले. बेस्टच्या वातानुकूलित गाड्यांच्या क्रमांकांना अक्षर जोडले गेले. या प्रत्येक बदलामागे आपापले कारण आहे आणि इतर प्रवासी काही दिवसांत त्याला सरावतात. ज्याच्या स्मृतीत नव्या गोष्टी टिकतच नाहीत, त्याच्यासाठी मात्र ओळखीचा पत्ताच नाहीसा झालेला असतो. ‘व्हीटीला जायचंय’ म्हणणाऱ्या आजींना जुने नाव आठवते आणि ते बरोबरच असते. चौकशीच्या खिडकीवर ते नाव मान्य झाले तर त्या योग्य गाडीत बसतील. दुरुस्त करत बसले तर त्या आणखी गोंधळतील.

लोकलमध्ये पुढच्या स्थानकाची घोषणा तीन भाषांत होते, ही मोठीच मदत आहे. फलाटावरच्या इंडिकेटरवरील आद्याक्षरे, जलद आणि धिम्या गाडीचा फरक, ऐनवेळी बदललेला फलाट यांचा उलगडा मात्र नेहमीच्या प्रवाशालाही चटकन होत नाही. मेट्रोत घोषणा स्पष्ट असतात, गाडी ठरावीक जागी थांबते आणि काही मार्गांवर फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत. तिथे अडते ते तिकिटाच्या यंत्रापाशी, आपोआप मिटणाऱ्या फाटकापाशी आणि एकाच स्थानकाच्या चार-पाच सारख्या दिसणाऱ्या दारांपाशी.

जपानचा धडा

वृद्ध माणसाची वाट चुकली तर जबाबदार कोण, या प्रश्नाला जपानला फार कठोरपणे सामोरे जावे लागले. डिसेंबर २००७ मध्ये आइची प्रांतातील ओबू शहरात स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे गृहस्थ घरातून बाहेर पडले. त्यांची ८५ वर्षांची पत्नी काही मिनिटे डुलकी लागल्याने झोपली होती. रेल्वेमार्गावर गाडीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. रेल्वे कंपनीने गाड्यांना झालेल्या विलंबाची भरपाई कुटुंबाकडे मागितली. २०१३ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने पत्नी आणि थोरल्या मुलाने मिळून सुमारे ७२ लाख येन द्यावेत, असा निकाल दिला. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने मुलाला वगळले, पण पत्नीवर निम्मी रक्कम ठेवली. अखेर १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही जबाबदारीतून मुक्त केले. दिवसरात्र पहारा देणे कोणत्याही कुटुंबाला शक्य नसते, हे त्या निकालाने मान्य केले.

त्या खटल्याने देश हलला. दंड आपल्यावर येणार असेल तर कुटुंबे वृद्धांना कोंडूनच ठेवतील, अशी भीती सर्वत्र व्यक्त झाली होती. निकालानंतर काही नगरपालिकांनी अशा अपघातांसाठी रहिवाशांचा विमा काढला. जानेवारी २०२४ पासून जपानमध्ये स्मृतिभ्रंशविषयक स्वतंत्र कायदा लागू झाला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला प्रतिष्ठेने आणि आशेने समाजात जगता यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. फुकुओका प्रांतातील ओमुता शहरात तर वाट चुकलेल्या व्यक्तीशी कसे बोलावे याची रंगीत तालीम नागरिक वर्षानुवर्षे करत आले आहेत. इतके करूनही २०२३ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे बेपत्ता झाल्याच्या १९,०३९ नोंदी जपानी पोलिसांकडे झाल्या. वाट चुकणे पूर्ण थांबवता येत नाही. चुकलेला माणूस लवकर कोणाच्या तरी नजरेस पडावा, हे मात्र साधता येते.

ब्रिटनने थोडा वेगळा मार्ग घेतला. तिथे अनेक बस कंपन्या प्रवाशाला एक लहान कार्ड देतात. ‘माझा थांबा आला की सांगा’, ‘मला बसायला वेळ द्या’ अशी सूचना त्यावर असते आणि चढताना ते चालकाला दाखवायचे असते. २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलाचे चित्र असलेली हिरवी गळपट्टी सुरू झाली. न दिसणारी अक्षमता असलेल्या प्रवाशाला थोडी जास्त मदत लागेल, एवढेच ती सुचवते. पुढे ती अनेक देशांत पोहोचली. पुढचा थांबा आवाजातून आणि फलकावरून कळवण्याची सोय स्थानिक बसमध्ये सक्तीची करणारे नियमही ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये आले. त्यांची अंमलबजावणी २०२६ पर्यंत टप्प्याटप्प्याने होत आहे.

वाहक ही मोठी जमेची बाजू

ब्रिटनमधल्या बहुतेक बसगाड्यांत चालक एकटाच असतो, म्हणून तिथे कार्ड आणि यंत्रांवर भर द्यावा लागला. महाराष्ट्राकडे एक गोष्ट आधीपासून आहे, ती म्हणजे वाहक. एसटीचा वाहक प्रत्येक प्रवाशाशी एकदा तरी बोलतो, कोण कुठे उतरणार हे त्याला ठाऊक असते. तो ‘आजी, तुमचं गाव आलं’ म्हणून हाक देतो, पिशवी खाली देतो. स्मृतिभ्रंश झालेल्या प्रवाशाला जी मदत लागते, ती बहुतांशी याच कामाचा भाग आहे.

पण हीच बाजू कमकुवत होत चालली आहे. एसटीच्या काही मार्गांवर विनावाहक सेवा चालते. मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांतही वाहक गाडीत न ठेवण्याचे प्रयोग झाले. तिकिटे यंत्रावर आणि मोबाइलवर गेली. खर्चाच्या हिशेबात हे समजण्यासारखे आहे, पण या हिशेबात वाहकाचे काम तिकीट फाडण्यापुरतेच धरले जाते. ज्या मार्गावर वाहक नसेल तिथे थांब्यांची घोषणा आणि सुटण्याच्या ठिकाणी मदतनीस, या दोन गोष्टी तरी असायला हव्यात.

कायद्यातही एक पोकळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या आणि सार्वजनिक वाहतूक सुगम असण्याचा हक्क दिला. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावे त्या यादीत आहेत, स्मृतिभ्रंशाचे नाव स्वतंत्रपणे नाही. सुगमता म्हणजे उतार, लिफ्ट आणि स्पर्शाने कळणाऱ्या फरशा एवढाच अर्थ बहुतेक ठिकाणी घेतला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे किमान नियम सक्तीचे करण्याचे आदेश केंद्राला दिले. हे नियम ठरताना समजायला सोप्या पाट्या, स्पष्ट घोषणा आणि प्रशिक्षित कर्मचारी यांचा त्यांत समावेश झाला, तर हा प्रश्न बराच सुटेल.

सोबत्याच्या तिकिटाचाही विचार करायला हवा. रेल्वेत पूर्ण अंध किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या, सोबतीशिवाय जाऊ न शकणाऱ्या प्रवाशाबरोबर एका सोबत्यालाही सवलत मिळते. स्मृतिभ्रंश त्या यादीत नाही. एसटीत पंचाहत्तरी पार केलेल्या वडिलांना दवाखान्यात नेणाऱ्या मुलाला पूर्ण तिकीट पडते. महिन्याला दोन फेऱ्या आणि बुडालेली मजुरी असा हिशेब मांडला की अनेक घरांत उपचारच पुढे ढकलले जातात. डॉक्टरच्या दाखल्यावर सोबत्याला सवलत देणे हा तुलनेने लहान खर्च आहे.

समोरच्याने काय करावे?

वाहक, तिकीट तपासनीस, वाहतूक नियंत्रक, रिक्षाचालक आणि शेजारचा प्रवासी यांना शिकण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. समोर येऊन, डोळ्यांकडे बघून, सावकाश बोलावे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराला वेळ द्यावा. ‘आठवत नाही का?’ असे विचारू नये, चूक काढून वाद घालू नये. तिकीट सापडत नसेल तर लगेच दंडाचे बोलू नये. बोलणे अडखळते म्हणून माणूस प्यायलेला आहे, असा समज करून घेऊ नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोंधळलेल्या व्यक्तीला मध्येच एकटे उतरवू नये. पुढच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या किंवा पोलिसांच्या हाती द्यावे आणि खिशात, पिशवीत घरच्यांचा नंबर आहे का, हे त्यांच्या समक्ष विचारावे.

घरच्यांनी काय करावे?

अचानक काही तासांत किंवा दिवसांत गोंधळ वाढला तर प्रवासाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. जंतुसंसर्ग, औषधांचे दुष्परिणाम, ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉईडची कमतरता यांनीही असे होते आणि त्यावर उपचार आहेत.

प्रवास चालू ठेवायचा तर मार्ग, वेळ आणि शक्य असल्यास बसायची जागाही एकच ठेवावी. सकाळची गर्दी ओसरल्यानंतरची वेळ चांगली. संध्याकाळी अनेकांचा गोंधळ वाढतो, त्यामुळे परतीचा प्रवास उजेडात संपावा. चष्मा आणि श्रवणयंत्र घातलेले असावे. गाडी बदलावी लागणार नाही असा मार्ग, थोडा लांबचा असला तरी, निवडावा. वरच्या खिशात एक कार्ड असावे. त्यावर नाव, उतरायचे ठिकाण आणि दोन फोन नंबर एवढेच पुरे. घराचा पूर्ण पत्ता लिहिणे टाळावे. मोबाइलची बॅटरी संपते आणि तो हरवतो, म्हणून शर्टाच्या आत शिवलेली नावाची पट्टी किंवा गळ्यातले क्यूआर कोडचे पदक अधिक भरवशाचे ठरते.

एकटे पाठवणे कधी थांबवावे, याचा निर्णय भांडणात घेऊ नये. एक-दोनदा थोड्या अंतरावरून मागे जाऊन पाहावे. गाडी चुकली तर ते काय करतात, मदत मागतात का, रस्ता ओलांडताना थांबतात का, हे दिसते. पुन्हा पुन्हा चुकीच्या ठिकाणी उतरणे, रात्री-अपरात्री निघणे, मदत मागायचे न सुचणे ही सोबत सुरू करण्याची वेळ आल्याची चिन्हे आहेत. त्या वेळी प्रवास बंद करण्याआधी सोबत कोण देऊ शकेल, हे शोधावे. शेजारचा विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक संघातला मित्र, रोजचा ओळखीचा रिक्षावाला यांतून कोणी तरी मिळू शकते.

आणि कोणी बेपत्ता झालेच तर चोवीस तास थांबावे लागते, हा समज मनातून काढून टाकावा. ११२ वर लगेच फोन करावा, रेल्वेच्या हद्दीत १३९ वर कळवावे, अलीकडचा फोटो आणि त्या दिवशीच्या कपड्यांचे वर्णन द्यावे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आहे. शोध जुन्या जागांपासून सुरू करावा. पूर्वीचे घर, निवृत्तीपूर्वीचे कार्यालय, माहेरचे गाव, नेहमीचे देऊळ अशा ठिकाणी पाय वळण्याची शक्यता जास्त असते.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. आगारांत वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण, चौकशीच्या खिडकीवर जुन्या-नव्या नावांची यादी, बसमध्ये थांब्यांची घोषणा, ‘माझा थांबा सांगा’ असे मराठीतले कार्ड आणि सोबत्याला सवलत. पंचाहत्तरीतल्या माणसाला मोफत तिकीट देताना त्याने प्रवास करावा, असे राज्याने ठरवलेलेच आहे. आता तो योग्य गावी उतरेल, एवढे पाहायचे आहे.